मंगळवारचा बाजार आणि मरीआईचा गाडा

माझ्या सासरच्या गावाला एकाच गोष्टीचा गर्व होता, तो म्हणजे मंगळवारचा बाजार. परभणीहून पाथरीकडे जाणाऱ्या सडकेला लागून हे गाव. ना मोठी नदी, ना नावाजलेलं देऊळ. पण मंगळवार उजाडला की चारी बाजूंनी बैलगाड्या यायच्या. पेडगावकडची भाजी यायची, पाथरीच्या तेल्यांचे बुधले यायचे, आणि थंडीत वर्षाचा बैलबाजार भरला की पार पालमकडची माणसं वाटेत मुक्काम करत जनावरं घेऊन यायची. सासरे आल्या-गेल्याला सांगायचे, कुण्या जुन्या जहागीरदाराचा घोडा इथं पाणी प्यायला थांबला आणि त्यानं खूश होऊन बाजाराची परवानगी दिली. मला ही गोष्ट कधी पटली नाही. घोड्याला गोड लागेल असं पाणी गावातल्या एकाही विहिरीला नव्हतं. पण सुनेनं असलं बोलायची सोय नव्हती, म्हणून मी मान डोलवायची.

बाजार होता म्हणून गावाला बलदिया होती, म्हणजे आताची नगरपालिका. पाच मेंबर, एक कारकून, दोन झाडूवाले आणि चौकातले कंदील लावणारा एक म्हातारा, जो नेमका अमावस्येला आजारी पडायचा. राज्य निझामाचं, त्यामुळे कागद सगळे उर्दूत. पाचांतल्या तिघांना उर्दूचं अक्षर येत नव्हतं, तरी सही करण्याआधी तिघंही कागदावरून सावकाश नजर फिरवायचे. माझे सासरे त्या तिघांतले. घरची शेती आणि मोंढ्यात धान्याची आडत, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. मिरचीवाल्यांनी वाऱ्याच्या कोणत्या अंगाला बसावं, यावर त्यांच्या सभेत तीन मंगळवार भांडण चाललं होतं. एकूण कारभार असा.

या सगळ्यांना एकच धास्ती होती, बाजार उठण्याची. सडकेवर पुढे दुसरं एक गाव होतं आणि तिथल्या लोकांनी माळरान झाडून तयार ठेवलंय, अशी बातमी दर दोन महिन्यांनी यायची. व्यापाऱ्याची गाडी एकदा दुसऱ्या वाटेला लागली की परत वळत नाही, असं म्हणायचे. आणि बाजार उठवायचा हुकूम निघायला कारण एकच पुरे होतं. सरकारी नियम असा होता, की घरात उंदीर पडला तर घरमालकानं बलदियाला कळवायचं आणि बलदियानं तहसीलला. मग गाव खाली करून माणसांनी रानात झोपड्या घालून राहायचं, वेशीवर पहारा बसायचा आणि प्लेग सरेपर्यंत बाजार बंद.

मी तेव्हा अठरा वर्षांची होते. लग्नाला दोन वर्षं झाली होती, मूल नव्हतं. माहेर पूर्वेला, ओढ्यापलीकडे, जेमतेम एक कोसावर. वडील तिथले पाटील. आई दर मंगळवारी गावच्या गाडीतून बाजाराला यायची. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही हा रिवाज, म्हणून ती आमच्या घरी येत नसे. मीच भाजी आणायचं निमित्त करून कासारणीच्या दुकानाशी जायची आणि तिथं आम्ही दोघी उभ्या उभ्या बोलायचो. आई बोलायची कमी आणि माझ्या तोंडाकडे बघायची जास्त. आठवड्यातला माझा तेवढाच वेळ माझा होता, बाकीचे दिवस मी त्यावर काढायची.

मार्गशीर्षातली गोष्ट. बैलबाजार पुढच्या मंगळवारवर आला होता. मी मागच्या कोठीत झाडत होते. धान्याच्या पोत्यांमागून एक उंदीर बाहेर आला. दिवसाढवळ्या, माझ्या पायापासून हातभर अंतरावर. मी झाडू आपटला तरी पळाला नाही. दारू प्यालेल्या माणसासारखा दोन पावलं आडवा गेला, गोल फिरला आणि तिथंच पडला.  लहानपणी माहेरी प्लेगचं वर्ष आम्ही झोपडीत काढलं होतं, त्यामुळे हे काय आहे ते मला कुणी सांगायला नको होतं.

मी सासूबाईंना बोलावलं. त्यांनी चिमट्यानं उंदीर उचलला, गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळला, परसात उकिरड्याच्या पोटात पुरला आणि हात धुऊन मला म्हणाल्या, की आपल्या घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर जायची नाही. दुसऱ्या दिवशी आणखी दोन पडले. ते मीच पुरले.

मग माझ्या लक्षात आलं, की गावात सगळ्यांचेच उकिरडे ताजे उकरलेले दिसतात. विहिरीवर बायका नेहमीसारख्या बोलत होत्या, पण कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं. पदराआड हात घालून जी ती काखेत गाठ आहे का ते चाचपायची. मीही चाचपायची. सकाळी उठल्याबरोबर एकदा, अंघोळीच्या वेळी एकदा, आणि स्वयंपाक करताना मध्येच हात थांबवून पुन्हा एकदा. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी सगळं गाव कोंबड्यावर टोपलं धरून बसलं होतं. मला या लोकांचा राग येत होता आणि मीही त्यांच्यातलीच एक होते.

बुधवारी मोंढ्यातला एक हमाल मेला. दोन दिवस ताप, जांघेत गाठ. तो आमच्याच पोत्यांवर दुपारी आडवा व्हायचा. त्याच दिवशी दुपारी पाचही मेंबर आमच्या ओसरीवर जमले. मी दाराआड चहा गाळत होते. त्यांच्यातला एक जण शाळेत मास्तर होता. त्यानं स्पष्ट सांगितलं, की हा प्लेग आहे, उंदरांच्या अंगावरच्या पिसवांतून तो माणसांत येतो, धान्याची पोती हलवू नयेत आणि आजच तहसीलला कागद द्यावा. बाकी चौघं त्याच्याकडे, पाहुण्यानं जेवताना भलतंच बोलावं तसे बघत राहिले. सासरे म्हणाले, कागद देऊ, पण बैलबाजार झाल्यावर. सहा दिवसांचा तर प्रश्न आहे. तोवर देवीचा कोप आहे तर देवीला शांत करू, शुक्रवारी मरीआईचा गाडा काढू.

गाडा म्हणजे काय, हे आताच्या पोरींना सांगावं लागतं. सुतारानं लाकडाचा छोटा गाडा करायचा, त्यात देवी बसवायची, कडुलिंबाचे डहाळे, हिरव्या बांगड्या, खण आणि धान्याचं पोतं ठेवायचं. पोतराज पुढे, गाव मागे, असा तो गाडा ओढत शिवेपर्यंत न्यायचा आणि सोडून यायचा. रोग त्याच्याबरोबर गेला. मग ज्या गावाच्या शिवेत गाडा आला, त्या गावानं तो आपल्या दुसऱ्या शिवेवर नेऊन सोडायचा. नाही म्हणता येत नसे. आमच्या भागात आणखी एक रीत होती. गाडा पुढे हलवण्याआधी त्या गावच्या पाटलिणीनं देवीची ओटी भरायची, पोत्यातलं धान्य काढून घेऊन घरोघरी मूठमूठ वाटायचं आणि पोत्यात आपलं धान्य भरायचं. देवीचं आपल्यात, आपलं देवीत. म्हणजे मग देवी त्या गावात रेंगाळत नाही, असं समजत.

पश्चिमेची वाट सरकारी सडकेची. तिथं गाडा दिसला तर तहसीलदाराला कळणार. उत्तरेला दुसऱ्या मेंबराची सोयरीक, दक्षिणेकडून बैलबाजाराची जनावरं येणार. म्हणून गाडा पूर्वेला, ओढ्याकडे न्यायचा ठरला. पूर्वेला माझं माहेर होतं आणि पाटलीण माझी आई होती. हे त्या ओसरीवर कुणाच्या मनात आलं नाही, किंवा आलं तरी कुणी बोललं नाही.

गुरुवारी सकाळी सासूबाईंनी पोतं भरलं. वाईट मनानं नाही, हे मी सांगितलंच पाहिजे. घरात होती त्यातली सगळ्यात पांढरी, टपोरी ज्वारी त्यांनी निवडली. देवीला हलकं कसं द्यायचं? ती ज्वारी मागच्या कोठीतली होती. ज्या पोत्यामागून उंदीर निघाला, तेच पोतं.  मला मास्तरांचंही खरं वाटत होतं आणि देवीचंही. पिसवांची भीती होती आणि देवीच्या पोत्याला नाव ठेवायचीही. दोन भीतींच्या मध्ये माणूस चेंगरतो तशी मी चेंगरले होते. तरी हिय्या करून बोलले.

"आत्याबाई, त्या कोठीत उंदीर पडलेत. दुसरं पोतं द्या."

त्यांनी पोत्याचं तोंड शिवायचं थांबवलं नाही. "देवीला म्हनून काढलं ते बदलायचं न्हाई. अन् उंदराचं नाव तू आज घेतलंस ते घेतलंस."

 नवऱ्याला सांगावं तर तो वडिलांपुढे तोंड उघडणारा नव्हता. दुपारी कासारीण दारावर आली. ती टोपली घेऊन गावोगाव फिरायची आणि शुक्रवारी सकाळी माझ्या माहेरी जायचीच. मी बांगड्या भरायला हात पुढे केला आणि सासूबाई आत गेल्या त्या क्षणी तिच्या कानाशी बोलले. आईला सांग, गाड्यातल्या पोत्याला हात लावू नको, धान्य घरात घेऊ नको, ते आमच्या उंदराच्या कोठीतलं आहे.  माझ्या हातावर बांगडी चढवता चढवता कासारणीनं नुसती मान हलवली.

शुक्रवारी ऐन दुपारी गाडा निघाला. हलगी वाजत होती, पोतराज अंगावर कोरडे ओढून घेत होता. बायकांना वेशीपर्यंतच जायची परवानगी. मी वेशीत उभी राहून तो गाडा ओढ्याकडे लहान लहान होत जाताना पाहिला. बाकीच्या बायकांचे चेहरे सैल झाले होते, दोघी-तिघी तर हसतही होत्या. मला तिथंच ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. आईला निरोप पोचला आहे, ती शहाणी आहे, ती पोत्याला हात लावणार नाही, असं मी मनाशी म्हणत राहिले. शनिवार, रविवार, सोमवार मी हेच म्हणत होते. गावात आणखी दोघं तापानं पडले. त्यांना थंडी बाधली, असं सांगण्यात आलं.

मंगळवार आला. असा बाजार मी कधी पाहिला नव्हता. बैलांच्या रांगा मोंढ्यापासून शाळेच्या मागेपर्यंत लागल्या होत्या. झुली, घुंगरं, धूळ, भजी तळल्याचा वास. सासरे नवा फेटा बांधून पालमकडच्या शेतकऱ्यांची विचारपूस करत फिरत होते. मी पिशवी घेऊन कासारणीच्या दुकानाकडे जवळजवळ पळतच गेले.

आई होती. उभी होती, जिवंत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती दुकानापाशी नव्हती. दहा पावलं लांब, चिंचेखाली, एकटी. मी तिच्याकडे धावले तर तिनं हात वर केला.

"तितंच थांब. तितूनच बोल."

त्या दिवशी ती गाडीतून आली नव्हती, चालत आली होती. गाडीतल्या माणसांत बसायचं नव्हतं तिला. तोंड लाल झालं होतं, डोळे तांबरलेले. मी विचारलं, निरोप मिळाला होता ना? तिनं होय म्हटलं.

"मग पोतं का घेतलंस, माय?"

"न घेऊन सांगू काय लोकायला? पाटलिणीला कसं कळलं म्हनून विचारलं असतं. तुजं नाव निघालं असतं, मग सासरी नांदली असतीस व्हय?" ती थांबली, दम घेतला. "म्या सांगितलं, देवी सपनात आली, अन् म्हनाली, एकटीनं बदल. कुनाला हात लावू दिला न्हाई. आपल्या घरातबी न्हाई नेलं. मळ्यात खड्डा केला अन् पुरलं सगळं. लोकायला आपली ज्वारी वाटली."

 ती पुढे म्हणाली, कालपासून काखेत दुखतंय, गाठ आली आहे. मी माहेरी यायचं नाही, कुणी बोलवायला आलं तरी यायचं नाही, एवढं सांगायला ती आली होती. सांगून झाल्यावर तिनं माझ्याकडे नेहमीसारखं नीट बघून घेतलं.

भीती माझ्या अंगात आठवडाभर मुक्कामाला होती. पण त्या क्षणी तिच्याहून मोठं काहीतरी अंगात शिरलं. राग होता तो. झुली घातलेल्या त्या बैलांचा, सासऱ्यांच्या नव्या फेट्याचा, आणि सगळ्यात जास्त माझा. निरोप पाठवून मी काय केलं होतं? ज्याला सांगायचं त्याला सोडून मी आईला सांगितलं होतं, आणि तिनं तिच्या एकटीपुरता त्याचा निकाल लावला होता. मी तशीच वळले आणि बलदियाच्या कचेरीत गेले. त्या कचेरीत बाईमाणूस कधी गेलं नव्हतं. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला होता, पण आवाज माझाच होता आणि तो बाहेरच्या लोकांनाही ऐकू गेला. मी म्हणाले, मी अमक्यांची सून, आमच्या कोठीत उंदीर पडलेत, आमचा हमाल गाठ येऊन मेलाय, लिहून घ्या.

कारकून म्हातारा होता. त्यानं दार लोटलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बेटी, सोच के बोल." मी पुन्हा तेच बोलले. त्यानं उर्दूत लिहिलं, मला वाचून दाखवलं आणि माझा अंगठा घेतला. 

पुढचं फार पटकन झालं. कुणी सांगितलं, कुणी ऐकलं, कळायच्या आत बाजार फुटला. माणसं बैल ओढत पळत सुटली, भज्यांची कढई कुणीतरी लाथेनं उडवली. तासाभरात मैदानात नुसतं शेण आणि चेंगरलेली वांगी. मी चिंचेकडे गेले तेव्हा आई तिथं नव्हती. ओढ्याच्या वाटेवर एकटी चालत होती, मध्येच बांधाला टेकत होती. मी हाक मारली. तिनं मागे न बघता हातानं मला परत जायला सांगितलं.

सासूबाई माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत. लोक मला बाजार बुडवणारी म्हणत. बाजार काही बुडला नाही, होळीनंतरच्या मंगळवारी पुन्हा भरला, आणि मिरचीवाल्यांचं भांडण पुन्हा सुरू झालं. पण त्या हिवाळ्यात तहसीलचे लोक दुसऱ्याच दिवशी आले, सुया टोचल्या, गाव रानात हलवलं, ओढ्यावर आणि वेशीवर शिपाई बसवले. आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. आमच्याकडची बरीच माणसं त्यामुळे वाचली, हे पुढे सासऱ्यांनीही मान्य केलं. माझ्या माहेरच्या गावात एका माणसाशिवाय कुणी गेलं नाही.

त्या मंगळवारनंतरच्या शुक्रवारी सकाळी माझा भाऊ ओढ्यावर आला आणि पलीकडूनच शिपायाला सांगून गेला. सासरे स्वतः आमच्या झोपडीपुढे आले. दोन वर्षांत ते माझ्याशी थेट बोलले नव्हते. फेटा काढून हातात धरला होता. म्हणाले, "तुजी माय गेली, पोरी."

मी विचारलं, तोंड बघायला जाऊ का? लांबूनच बघेन, हात लावणार नाही.

 ते म्हणाले, "हुकूम तू मागितलास. त्यावर सही माजी हाय. आता तुला सोडलं तर दुसऱ्याला कोन्त्या तोंडानं अडवू?"

त्यांचं बरोबर होतं. मी त्यांच्या पाया पडले आणि ओढ्याकाठी शिपायाच्या शेजारी जाऊन बसले. दुपारपर्यंत पलीकडच्या मळ्यातून आईच्या मातीला जमलेल्या माणसांचा आवाज येत होता. मधल्या ओढ्यात घोटा बुडेल एवढंही पाणी नव्हतं.